चुलीजवळची मूठ आणि नदीपलीकडची माणसं

दर महिन्याच्या बैठकीत आपण शंभर-दोनशे रुपये बचत टाकतो. वहीत नाव लागतं, सही होते, पैसे गटाच्या खात्यात जातात. आज आम्ही तुम्हाला अशा एका बचतीची गोष्ट सांगणार आहोत, जी तांदळात सुरू झाली. तिला वही नव्हती, बँक नव्हती. चुलीजवळ ठेवलेलं एक भांडं, एवढंच. पण शंभर वर्षांत ती बचत गावाबाहेर गेली, राज्याबाहेर गेली आणि देशाची सीमा ओलांडून शेजारच्या म्यानमारमधल्या माणसांपर्यंत पोचली.

ही गोष्ट आहे मिझोरामच्या बायकांची. नकाशात भारताच्या पूर्वेच्या टोकाला पाहिलं तर एका बाजूला बांगलादेश आणि दुसऱ्या बाजूला म्यानमार, अशा दोन देशांच्या मध्ये हे छोटं डोंगराळ राज्य दिसतं. ऐझॉल ही त्याची राजधानी. तिथली बहुतेक माणसं ख्रिस्ती आहेत, आणि त्यांचं सगळ्यात मोठं चर्च प्रेस्बिटेरियन. हे नाव आपल्याला जड वाटेल, पण आपल्याकडेही ते अगदीच अनोळखी नाही. मिरजेचं वानलेस हॉस्पिटल अमेरिकेच्या प्रेस्बिटेरियन मिशनमधूनच उभं राहिलं.

प्रेस्बिटर म्हणजे ज्येष्ठ, गावातला जाणता माणूस. या चर्चमध्ये वरून हुकूम सोडणारा बिशप नसतो. गावातली मंडळी आपले ज्येष्ठ निवडते. अनेक गावांची मिळून प्रेस्बिटरी होते आणि सगळ्यांच्या वर सिनॉड असतो. आपल्याला हे समजायला वेळ लागणार नाही. आपला गट, गटांचा ग्रामसंघ, ग्रामसंघांचा प्रभागसंघ, तशीच ही रचना. खालून प्रतिनिधी जातात, वर बैठक बसते, ठराव होतात. ही रचना लक्षात ठेवा, कारण पुढे तिचा एक प्रश्न येणार आहे.

आता थोडं मागे जाऊ. मिझो माणसं डोंगरउतारावर बांबू तोडून, जाळून भात पेरायची. अशा शेतीला झूम म्हणतात. त्यांचे भाऊबंद आजच्या म्यानमारच्या चिन डोंगरातही राहत होते. बोलीत थोडा फरक, पण नाती एक, लग्नसंबंध एक. मधून तिआऊ नावाची नदी वाहत होती, आणि ती फक्त नदी होती. तिथली एक गंमत सांगतो. मिझो लोकांच्या जुन्या समजुतीप्रमाणे माणूस मेला की त्याचा आत्मा रिह दिल नावाच्या तळ्यावरून परलोकी जातो. हे तळं मिझो लोकांना आपल्याकडच्या एखाद्या तीर्थासारखं. पण आज ते म्यानमारमध्ये आहे. म्हणून मिझोरामची माणसं हसत सांगतात की, आमचं सगळ्यात मोठं तळं परदेशात आहे.

हे कसं झालं? इंग्रजांनी १८८५ साली ब्रह्मदेशच्या राजावर स्वारी केली. तो राजा म्हणजे थिबा. हरल्यावर त्याला कैदी करून आणलं ते आपल्या रत्नागिरीला. तिथेच १९१६ साली तो वारला. राजा इकडे आला आणि त्याचा देश इंग्रजांच्या ताब्यात गेला. पुढच्या चार-पाच वर्षांत इंग्रजांनी मिझो आणि चिन डोंगरही जिंकले. राज्य चालवायला सोपं जावं म्हणून डोंगराचा एक भाग आसामकडे आणि दुसरा ब्रह्मदेशकडे टाकला. १९३७ साली ब्रह्मदेश हिंदुस्थानपासून कायमचा वेगळा झाला. १९४७ आणि १९४८ साली दोन्ही देश स्वतंत्र झाले, आणि जी नदी पूर्वी पोरं पोहून पार करायची ती दोन देशांची सीमा झाली. कोणी घर हलवलं नव्हतं, तरी मामा एका देशात आणि भाचा दुसऱ्या देशात गेला.

ख्रिस्ती धर्म या डोंगरात आला तोही दोन वाटांनी. मिझो डोंगरात ११ जानेवारी १८९४ ला लॉरेन आणि सॅव्हिज हे दोन इंग्रज मिशनरी पोचले. त्यांनी मिझो भाषेला रोमन लिपीत बसवलं. त्याआधी या भाषेला लिपीच नव्हती. १८९७ साली वेल्स देशातून डी. ई. जोन्स आले, आणि उत्तर मिझोरामचं चर्च वेल्सच्या प्रेस्बिटेरियन पद्धतीवर उभं राहिलं. पलीकडे चिन डोंगरात १८९९ साली आर्थर आणि लॉरा कार्सन हे अमेरिकेचं जोडपं आलं. ते बॅप्टिस्ट पंथाचे. म्हणजे नदीच्या अलीकडे प्रेस्बिटेरियन आणि पलीकडे बॅप्टिस्ट, अशी सुरुवातीची वाटणी झाली.

मिझो चर्चकडे पैसा नव्हता. झूम शेतीत घरापुरतं भात पिकायचं, हातात रोकड यायची नाही. बायकांकडे तर नाहीच. मग बायकांनी द्यायचं काय? १९१० साली याचं उत्तर सापडलं. त्याच वर्षी रत्नागिरीत थिबाचा राजवाडा उभा राहत होता. मिझो भाषेत त्या उत्तराचं नाव ‘बुहफाइ थाम’. बुहफाइ म्हणजे तांदूळ, थाम म्हणजे मूठ.

पद्धत अगदी साधी. स्वयंपाकाला तांदूळ मोजून घेतले की बाई त्यातली एक मूठ काढते आणि शेजारच्या वेगळ्या भांड्यात टाकते. सकाळच्या जेवणाला एक, संध्याकाळच्या जेवणाला एक. घरात चार माणसं असोत की दहा, पाहुणे असोत की नसोत, मूठ निघते. ठरलेल्या दिवशी मंडळीतल्या बायका घरोघर फिरून ते तांदूळ गोळा करतात. जमलेले तांदूळ विकले जातात आणि पैसे मंडळीच्या निधीत जातात. सुरुवातीच्या काळात याच तांदळावर ‘बायबल बाया’ पोसल्या गेल्या. या बाया गावोगाव पायी हिंडून बायकांना वाचन आणि प्रार्थना शिकवायच्या. ज्या काळी बाईने एकटीने गाव सोडणं मोठी गोष्ट होती, त्या काळी बायकांच्या मुठीवर बायकांचीच नोकरी उभी राहिली.

मैत्रिणींनो, मुठीची ही रीत आपल्यालाही परकी नाही. पणजीच्या ‘मुष्टिफंड’ शाळेचं नावच मूठभर धान्यावरून पडलं. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहांतल्या पोरांसाठीही आपल्या आज्या-पणज्यांनी मुठीमुठीने धान्य दिलं. पण मिझोरामच्या बायकांनी ही मूठ एखाद्या कामापुरती न ठेवता शंभर वर्षांहून जास्त काळ रोज चालू ठेवली.

मुठीचा हिशोब आपणच करून पाहू. एक मूठ पन्नास ग्रॅमची धरा. दोन वेळच्या दोन मुठी, म्हणजे दिवसाला शंभर ग्रॅम. वर्षाचे झाले साडेछत्तीस किलो. दहा जणींच्या गटाचे ३६५ किलो. दोनशे घरांच्या गावाचे ७३ क्विंटल. आता सगळ्या राज्यातल्या घरांचा विचार करा. आज मिझोरामच्या प्रेस्बिटेरियन चर्चला या मुठीतून दर वर्षी कोट्यवधी रुपये मिळतात. घरातल्या कोणाला जेवताना ती मूठ कमी पडल्याचं जाणवतही नाही.

पण मूठ नेहमीच सोपी नव्हती. मिझोरामच्या डोंगरात एका जातीच्या बांबूला साधारण अठ्ठेचाळीस वर्षांनी एकदम फुलं येतात. त्या बिया खाऊन उंदीर बेसुमार वाढतात, आणि बिया संपल्या की ते भाताच्या शेतात घुसतात. एका रात्रीत उभं पीक जातं. या दुष्काळाला तिथे ‘मौताम’ म्हणतात. मुठीची रीत सुरू होऊन वर्षभर झालं नाही तोच १९११ साली मौताम आला. मग १९५९ साली, आणि मग २००७ च्या सुमारास. म्हणजे या रीतीने तीन मौताम पाहिले. प्रत्येक वेळी घरात तांदूळ उरले नव्हते, तरी रीत बुडाली नाही. रोजच्या सवयीत मुरलेली गोष्ट संकटात लवकर तुटत नाही, हे आपण आपल्या गटांतही पाहतो.

आता नदीच्या पलीकडे जाऊ. विसाव्या शतकात अनेक मिझो कुटुंबं शेतजमिनीच्या आणि कामाच्या शोधात पूर्वेला ब्रह्मदेशात उतरली. चिन डोंगर संपून जिथे सपाट, पाण्याचा प्रदेश लागतो तिथे काले नावाचं शहर आहे. त्याच्याच एका भागाला टाहान म्हणतात. तिथे मिझो वस्ती वाढली. ही माणसं जाताना आपलं गाण्याचं पुस्तक, आपली भाषा आणि आपली प्रेस्बिटेरियन पद्धत बरोबर घेऊन गेली. सासरी जाणारी मुलगी माहेरचं विरजण घेऊन जाते तसंच. १९५६ साली त्यांनी तिथे आपलं वेगळं प्रेस्बिटेरियन चर्च संघटित केलं. आज ते म्यानमारचं प्रेस्बिटेरियन चर्च म्हणून ओळखलं जातं, आणि त्याचं मुख्य कार्यालय टाहानलाच आहे. १९५९ साली संपूर्ण बायबल मिझो भाषेत छापून आलं, आणि नदीच्या दोन्ही बाजूंना एकच पुस्तक वाचलं जाऊ लागलं.

या दोन चर्चची भागीदारी खरी घट्ट झाली ती अडचणीच्या काळात. ब्रह्मदेशात १९६२ साली लष्कराने सत्ता घेतली आणि १९६६ साली परदेशी मिशनऱ्यांना देशाबाहेर काढलं. इकडे मिझोराममध्ये त्याच वर्षी मार्चमध्ये मिझो नॅशनल फ्रंटचं बंड सुरू झालं. ५ मार्च १९६६ ला ऐझॉलवर आपल्याच देशाच्या विमानांनी बॉम्ब टाकले. पुढच्या वर्षापासून गावंच्या गावं उठवून रस्त्याकडेच्या पहाऱ्यातल्या वस्त्यांमध्ये कोंबली गेली. त्या धुमाळीत काही कुटुंबं जीव वाचवायला तिआऊ ओलांडून पलीकडे गेली, आणि तिथल्या नातेवाइकांनी त्यांना घरात घेतलं. १९६८ पर्यंत वेल्सचे मिशनरीही मिझोराम सोडून गेले. म्हणजे दोन-तीन वर्षांच्या आत दोन्ही बाजूंच्या चर्चवरचा परदेशी माणसांचा आणि पैशाचा हात उठला.

अशा वेळी संस्था बसतात. ही बसली नाहीत. मिझोरामच्या चर्चकडे मूठ होती, आणि मूठ लंडनहून किंवा वेल्सहून येत नव्हती. ती प्रत्येक घराच्या चुलीतून येत होती. बंडाच्या वीस वर्षांत चर्चच्या मंडळींनी दोन्ही बाजूंशी बोलणं चालू ठेवलं. ३० जून १९८६ ला शांतता करार झाला, आणि २० फेब्रुवारी १९८७ ला मिझोराम राज्य झालं. मोठ्या भावाने धाकट्याच्या शेताला बी द्यावं तसं मिझोरामचं चर्च पलीकडच्या चर्चला हात देत राहिलं.

पण मदत देणारा मोठा आणि घेणारा लहान, हे दुखणं कुठल्याही भागीदारीला लागतं. १९७७ साली ‘कौन्सिल फॉर वर्ल्ड मिशन’ नावाची संस्था नव्या रूपात उभी राहिली. त्यात ठरलं की पूर्वीचे मालक देश आणि पूर्वीचे गुलाम देश एकाच टेबलाभोवती बसतील, आणि माणूस, पैसा, अनुभव जे असेल ते सगळ्यांचं मानतील. आज भारताचं प्रेस्बिटेरियन चर्च आणि म्यानमारचं प्रेस्बिटेरियन चर्च, दोन्ही त्या टेबलाशी बरोबरीचे सभासद आहेत. वेल्सचं चर्चही तिथेच बसतं. शंभर वर्षांपूर्वी जो शिकवायला आला होता, तो आज शेजारी बसून ऐकतो.

या भागीदारीची सगळ्यात मोठी परीक्षा आपल्या डोळ्यांसमोर झाली. १ फेब्रुवारी २०२१ ला म्यानमारमध्ये लष्कराने पुन्हा सत्ता बळकावली. काले-टाहानची माणसं रस्त्यावर उतरली. शिकारीच्या गावठी बंदुका घेऊन त्यांनी मोर्चाच्या जागेभोवती अडथळे उभे केले, आणि एप्रिलमध्ये लष्कराने त्यांच्यावर हल्ला केला. चिन राज्यातलं थान्तलांग गाव तर त्या वर्षअखेरीपर्यंत जवळजवळ रिकामं झालं. माणसं कुठे गेली? शंभर वर्षांची ओळखीची वाट धरून तिआऊ ओलांडून मिझोराममध्ये आली. बायका पाठीवर पोरं बांधून, म्हाताऱ्यांना धरून. पुढे हा आकडा तीस हजारांच्या वर गेला.

भारताने जगाच्या निर्वासित करारावर सही केलेली नाही. केंद्र सरकारने मार्च २०२१ मध्ये सीमेवरच्या राज्यांना कळवलं की येणाऱ्यांना रोखा, निर्वासिताचा दर्जा देण्याचा अधिकार राज्यांना नाही. त्यावर मिझोरामचे तेव्हाचे मुख्यमंत्री झोरामथांगा यांनी पंतप्रधानांना पत्र लिहिलं की ही आमच्या रक्ताची माणसं आहेत, त्यांच्या दुःखाकडे आम्ही पाठ फिरवू शकत नाही. आणि माणसं राहिली. मंडळ्यांनी धान्य, कपडे, भांडी जमवली. १९३५ साली स्थापन झालेल्या यंग मिझो असोसिएशनच्या गावोगावच्या शाखांनी बांबूची घरं उभी केली. निर्वासितांच्या मुलांना सरकारी शाळांत प्रवेश मिळाला. मिझो भाषेत एक शब्द आहे, त्लॉमङाइहना. स्वतःची अडचण बाजूला ठेवून दुसऱ्यासाठी धावून जाणं, असा त्याचा अर्थ. या कामात त्या शब्दाची किंमत कळली. १९६६ साली पलीकडच्यांनी दार उघडलं होतं. २०२१ साली अलीकडच्यांनी उघडलं.

सीमेचा प्रश्न मात्र मिटलेला नाही. दोन्ही बाजूंच्या माणसांना १६ किलोमीटरपर्यंत बिनव्हिसा ये-जा करण्याची मुभा होती. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्राने ती रद्द करत असल्याचं जाहीर केलं आणि सीमेवर कुंपण घालण्याचं ठरवलं. बंदुका आणि अमली पदार्थ त्या वाटेने येतात, हे सरकारचं म्हणणं खोटं नाही. पण मिझोराम विधानसभेने त्याच महिन्यात याविरुद्ध ठराव केला, कारण त्याच वाटेने मामाच्या घरी जायचं असतं, त्याच वाटेने लग्नाचं आणि मयताचं बोलावणं येतं.

आता सुरुवातीला जो प्रश्न राखून ठेवला होता तो. एवढं सगळं ज्या मुठीवर उभं राहिलं ती मूठ बायकांची. सकाळ-संध्याकाळ भांड्यात तांदूळ टाकणारी बाई, घरोघर फिरून गोळा करणारी बाई. चर्चमधल्या बायकांचा संघ तिथे गावागावात आहे आणि मोठा आहे. धर्माचं उच्च शिक्षण घेतलेल्या मुलीही आहेत. पण मिझोरामच्या सिनॉडमध्ये पाळकाची दीक्षा आजवर पुरुषांनाच मिळत आली आहे. ठराव जिथे होतात तिथे पुरुषच जास्त. तिथल्या शिकलेल्या बायका हा प्रश्न अनेक वर्षं विचारत आहेत, आणि तो चर्च सोडून जाण्यासाठी विचारत नाहीत. आपलंच घर आहे, म्हणून विचारतात.

मैत्रिणींनो, दुसऱ्यांच्या घरचं सांगून आम्ही बोट दाखवत नाही. आपल्याकडेही बचत बाईची आणि कर्जाचा निर्णय घरातल्या पुरुषाचा, असं किती ठिकाणी होतं ते तुम्हीच सांगा. ग्रामसभेत बायकांची हजेरी लागते, पण बोलतं कोण? मिझोरामच्या बायकांनी दोन देशांना जोडणारी ताकद मुठीमुठीने जमवली. ती ताकद कुठे खर्च व्हावी हे ठरवण्याचा हक्क त्या आता मागत आहेत. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. रीतीचा अभिमानही असू शकतो आणि रीतीला प्रश्नही विचारता येतो.

तुमच्या पुढच्या बैठकीत दोन गोष्टींवर बोला. एक, आपल्या गटाच्या बचतीतला एखादा छोटा हिस्सा गटाबाहेरच्या अडलेल्या बाईसाठी काढता येईल का? शेजारच्या गावातली असो, ऊसतोडीला आलेली असो, की परराज्यातून कामाला आलेली असो. आणि दोन, तो हिस्सा कुणाला द्यायचा हे गटात सगळ्या जणी मिळून कसं ठरवाल? जे ठरेल ते ठरावाच्या वहीत लिहा, आणि आम्हाला रेडिओ केंद्रावर कळवा. पुढच्या भागात तुमचे ठराव आम्ही वाचून दाखवू.